अम्माची माफीची फेरी

इंदापुरात आमचं कृषी सेवा केंद्र आहे. बियाणं, खतं, फवारणीची औषधं. बावीस वर्षं मी त्या काउंटरमागे बसतोय आणि बावीस वर्षं एकच भांडण ऐकतोय. माणूस तावातावाने आत येतो, रिकामी बाटली काउंटरवर आपटतो आणि म्हणतो, "औषध मारलं, तरी तेल्या आला!" तेल्या म्हणजे डाळिंबावर काळे डाग पाडून फळ तडकवणारा रोग. मी सावकाश चष्मा लावतो आणि आधी बाटलीवरचा बॅच नंबर वाचतो, कारण त्यात दोन मिनिटं जातात आणि समोरच्याचा राग जरा खाली बसतो. मग माझं ठरलेलं भाषण सुरू होतं. "आबा, औषध मारलं म्हंजे बागंभवती भिंत बांधली असं न्हाय. कवा मारलं? मारल्यावर किती दिसांनी रोग दिसला? झाडं किती वर्षांची हायती? शेजारच्याच्या बागंत काय चाललंय?" बहुतेकदा झाडं जुनी असतात, शेजारची बाग रोगाने भरलेली असते आणि बाटलीबरोबरचा कागद कुणीही वाचलेला नसतो. आबा पुटपुटत निघून जातात.

हे सगळं मला झोपेत विचारलं तरी येतं. म्हणूनच लस टोचून घेतल्यावर सातव्या दिवशी माझ्या आईला ताप भरला तेव्हा मी जे काही वागलो, ते आठवलं की माझा मलाच राग येतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं म्हणतात ना, तो पाषाण मीच.

आईला आम्ही अम्मा म्हणतो. वय एकाहत्तर. हजला जायचं, एवढं एकच मागणं तिने आयुष्यभर धरून ठेवलेलं. तीनदा अर्ज भरला, तीनदा सोडतीत नाव आलं नाही. चौथ्यांदा आलं, बरोबर मामा-मामींचंही आलं, आणि अम्मा चार दिवस कुणाशी धड बोललीच नाही, नुसती या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिली. तिचे गुडघे गेलेत. जिना चढवत नाही. आता नाही तर कधीच नाही, हे आम्हाला कळत होतं आणि तिलाही कळत होतं.

जाण्याआधी टोचून घ्यावं लागतं. विमानाला चोवीस दिवस राहिले असताना मी तिघांना गाडीत घालून पुण्याला शिबिराला नेलं. एक सुई मेंदूज्वराची, आणि वय जास्त म्हणून आणखी एक फ्लूची. नर्सबाईंनी कार्डावर शिक्का मारला, बरोबर एक छापील कागद दिला आणि काहीतरी सांगितलं. नेमका तेव्हा मला एका गिऱ्हाइकाचा फोन आला होता. मी मान हलवली, कागद घडी करून कार्डात सरकवला आणि कार्ड गाडीच्या खणात टाकलं.

परतीच्या वाटेवर अम्माने हात चोळत विचारलं, "आता काय पथ्य हाय का?"

"कसलं पथ्य? आता टोचलंय. बिनधास्त फिर," मी म्हणालो. काउंटरमागे बसून बोलतो त्याच आवाजात म्हणालो असणार.

तिला फिरायचंच होतं. हजला निघालेलं माणूस आधी घरोघर जाऊन माफी मागून येतं. बोललं-चाललं माफ करा, कुणाचं मन दुखावलं असेल तर पोटात घाला. माणसांचं माणसांकडे राहिलेलं इथंच फेडायचं, ते बरोबर न्यायचं नाही, अशी आमच्यात रीत. मामा माझ्यासारखा घाईचा. त्याने सगळ्या माफ्या एका सकाळी मोबाईलवर उरकल्या, व्हिडिओत तोंड दाखवून. अम्माला ते पटलं नाही. "फोनवरची माफी फोनातच ऱ्हाती," ती म्हणाली.

मग मी दुकानाचा माल पोचवायला जसा मार्ग आखतो तसा मार्ग आखला. दुसऱ्या दिवशी निमगाव केतकी, तिसऱ्या दिवशी डाळज, पाचव्या दिवशी बारामती. प्रत्येक घरात तेच. आधी दारात गळाभेट, मग चहा, मग दोघींचे डोळे पुसणं, मग पुन्हा गळाभेट. डाळजला एका म्हातारीला अम्मा म्हणाली, "तीस वर्षांमागं माझी कोंबडी हरवली तवा म्या तुझ्यावर आळ घेतला हुता, माफ कर." म्हातारी म्हणाली, "माफ तू मला कर बाई. खाल्ली हुती मीच." दोघी एवढ्या हसल्या की अम्माला ठसका लागला. मी दारात उभा राहून हसलो. त्या दिवसांत ती दहा वर्षांनी लहान झाल्यासारखी वाटत होती.

चौथा दिवस मी मोकळा ठेवला होता. अम्मा म्हणाली, "चौथ्या दिशी बावडा."

बावड्याला माझी चाची राहते, माझ्या वडिलांच्या धाकट्या भावाची बायको. चाचा कोरोनाच्या पहिल्या वर्षी गेले, अजून कुठली लस आलेली नव्हती तेव्हा. अम्मा त्या वेळी चाचीला भेटायला गेली नाही. त्यानंतर दोघी जावांचं बोलणं बंद. सुखात नाही, दुःखात नाही. त्यात माझा वाटा काय होता ते सांगायला मला अजून जड जातं, पण सांगतो, थोडं पुढे.

बावड्यात मी गाडी चाचीच्या घरापासून जरा अलीकडे चिंचेच्या सावलीत लावली. "तू येतोस का?" अम्माने विचारलं. मी म्हणालो, गाडी उन्हात येईल, सरकवावी लागेल. ती एकटीच गेली. तासभर झाला. मी सावली सरकेल तशी गाडी सरकवत बसलो. अम्मा परत आली तेव्हा तिचा पदर ओला होता आणि हातात लोणच्याची बरणी होती.

"काय म्हणली?"

"काय न्हाय. चहा दिला."

एवढंच. वाटेत ती झोपून गेली.

सातव्या दिवशी दुपारी तिला थंडी वाजून ताप आला, मे महिन्याच्या उन्हात. आठव्या दिवशी खोकला. नवव्या दिवशी ती धाप लागून बोलता बोलता थांबायला लागली, आणि मी तिला बारामतीला दवाखान्यात नेलं. नाकातला नमुना घेतला. संध्याकाळी रिपोर्ट आला, फ्लू.

"कसला फ्लू?" मी विचारलं. "फ्लूचं तर टोचलंय."

विमानाला पंधरा दिवस राहिले होते. तिच्या नाकाला ऑक्सिजनची नळी होती, आणि तिने माझा हात धरून पहिला प्रश्न विचारला तो हा, "मला नेतील का रं?"

माझं डोकं चालेना. टोचलंय तर झालं कसं? झालं तर टोचलं कशाला? माझ्या बायकोने सांगितलं की माणूस घाबरल्यावर रडतं, तुम्ही भांडता. खरं आहे. मी गाडीच्या खणातून कार्ड काढलं, चष्मा लावला आणि दवाखान्याच्या बाकावर बसून बॅच नंबर वाचला. तो वाचून मला काय कळणार होतं, देव जाणे. मग मला लस ठेवलेल्या बर्फाच्या पेटीचा संशय आला. शिबिरात पेटीचं झाकण उघडंच होतं, मी पाहिलं होतं. पाहिलं होतं का? आता वाटतं पाहिलं होतं. औषध तापलं असेल, वाया गेलं असेल. मग नर्सबाईंचा संशय आला, सुई अर्धीच दिली असेल. मामाला फोन केला, तर मामा ठणठणीत. तीच बाटली, तोच दिवस, तीच बाई, आणि मामा अम्मापेक्षा चार वर्षांनी मोठा. म्हणजे औषध बरोबर. मग चूक कुणाची? जितकं शोधावं तितका गुंता वाढत होता.

औषधात खोट सापडेना म्हणून मी माणसांत शोधायला लागलो. अम्मा ज्या ज्या घरी गेली होती त्या घरांना एकेक करून फोन लावले. "तुमच्याकडं कुणाला खोकला हुता का?" निमगावच्या एका नातलगाने विचारलं, "म्हंजे आमी दिला म्हणायचं का आजार?" डाळजची म्हातारी फोनवर रडायलाच लागली. बारामतीच्या एका घराने फोन ठेवून दिला. अम्माने गावोगाव फिरून माफ्या गोळा केल्या होत्या आणि मी बाकावर बसून तासाभरात नवी भांडणं पेरली. वड्याचं तेल वांग्यावर काढायची माझी जुनी खोड. बावड्याला मात्र मी फोन लावला नाही. नंबर होता. लावला नाही.

अम्माला तपासणारी डॉक्टरीण निमगाव केतकीची, डाळिंबवाल्या घरातली. तिचे वडील माझं जुनं गिऱ्हाईक, भांडखोर. दुसऱ्या दिवशी सकाळी ती राउंडला आली तेव्हा मी कार्ड तिच्यासमोर धरलं आणि तावातावाने म्हणालो, "टोचलं, तरी फ्लू आला!"

तिने कार्ड हातात घेतलं. शांतपणे विचारलं, "काका, कधी टोचलं?"

"मागल्या सोमवारच्या आदल्या सोमवारी."

"ताप कितव्या दिवशी आला?"

"सातव्या."

"वय एकाहत्तर. आणि या दिवसांत कुठे कुठे गेल्या होत्या?"

मी सांगायला लागलो आणि मध्येच थांबलो. हे प्रश्न माझेच होते. कवा मारलं, किती दिसांनी आला, झाडं किती वर्षांची, शेजारची बाग कशी. फरक एवढाच की आज मी काउंटरच्या गिऱ्हाइकाच्या बाजूला उभा होतो आणि बाटली आपटणारा आबा मी होतो.

तिने मला समजावून सांगितलं. लस म्हणजे शरीराला रोगाची ओळख करून देणं. ओळख पटायला वेळ लागतो, साधारण दोन आठवडे. म्हाताऱ्या शरीराची शिकण्याची गती कमी, आणि शिकलेलं टिकतंही कमी, म्हणून दरवर्षी पुन्हा टोचायचं. त्यात फ्लू दरवर्षी थोडा वेगळा होऊन येतो. या वर्षी कोणता फिरेल याचा आधी अंदाज बांधून लस करतात, अंदाज कधी नेमका बसतो, कधी जरा हुकतो. आणि एवढं सगळं जुळलं, तरी आजारी माणसाच्या तोंडाजवळ तासभर बसलं तर काहींना होतोच.

"मग टोचायचं कशाला?" मी विचारलं. हा प्रश्न तिच्या वडिलांनी मला किती वेळा विचारला असेल.

"कारण टोचलेल्यांतल्या पुष्कळ जणांना होत नाही. आणि झाला तरी बरेचदा माणूस तग धरतं."

"अम्माला त्याचा उपयोग होतोय का?"

"खरं सांगू? सातव्या दिवसापर्यंत थोडी तयारी झाली असेल, पुरती नाही. किती उपयोग झाला हे मला सांगता येणार नाही काका. टोचलं नसतं तर काय झालं असतं, ते आपल्याला दिसत नाही ना."

मला हे उत्तर आवडलं नाही. मला हो किंवा नाही हवं होतं. ती गेल्यावर मी कार्डातला छापील कागद उलगडला. त्यावर मराठीत, स्वच्छ, मोठ्या अक्षरात छापलं होतं की संरक्षण तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात, तोवर आजारी माणसांजवळ जाणं टाळावं. गिऱ्हाइकांना मी बावीस वर्षं सांगतोय, कागद वाचा. मी तो घडी करून खिशात ठेवला आणि बायकोलाही दाखवला नाही.

दवाखान्यातल्या तिसऱ्या दिवशी अम्माचा ताप उतरला. चौथ्या दिवशी नळी निघाली. तिने पेजेची वाटी संपवली आणि माझ्याकडे बघत राहिली. फोनांची भानगड तिच्या कानावर गेली होती.

"समद्यांना फोन केलास म्हणं."

"व्हय."

"बावड्याला केलास?"

"न्हाय."

"का?"

मी उशीचा अभ्रा सारखा करत बसलो.

"तिलाच हुता खोकला," अम्मा म्हणाली. "दारातनंच म्हणली, आत नगं येऊस, मला ताप हाय, तुला लांब जायचंय. मीच गेले आत. गळ्यात पडले."

माझा आवाज चढला. शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. "तुला ठाव हुतं? ताप हाय हे ठाव असून गेलीस? इतक्या वर्षांचं तुझं मागणं, विमान तोंडावर, आन् तू ताप आलेल्या माणसाच्या गळ्यात पडलीस?"

"तूच म्हणलास न्हवं, टोचलंय, बिनधास्त फिर."

तिने जरा दम घेतला.

"आन् टोचलं नसतं तरी गेले असते. एकदा रोगाला भिऊन उंबऱ्याबाहेर ऱ्हायले. आता माफी मागायला बी उंबऱ्याबाहेर उभी ऱ्हाऊ व्हय? कुठल्या तोंडानं?"

"तू काय म्हणलीस तिला?"

"काय म्हणणार? मी भ्याले म्हणले. माफ कर म्हणले."

आता माझा वाटा सांगतो. अम्मा भ्याली नव्हती. चाचा गेले त्या दिवशी तिने डबा भरला होता, चप्पल घातली होती. गाडीची किल्ली मी खिशात घातली. तिला म्हणालो, जायचं तर जा, पण परत आल्यावर माझ्या पोरांजवळ यायचं नाही. तिने खूप विनवलं. शेवटी मी चाचीला फोन लावला आणि सांगितलं, "अम्मा घाबरतीय. नंतर येईल." अम्मा शेजारीच उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि डब्याचं झाकण काढून भाजी परत पातेल्यात ओतली. त्यानंतर इतक्या वर्षांत तिने ना मला त्याबद्दल काही म्हटलं, ना चाचीला खरं सांगितलं. आणि हजला जाण्याआधी, जिथे खोटं बोलून जायचं नाही तिथे निघताना, तिने माझ्या भीतीची माफी स्वतःची म्हणून मागितली. वर माझ्याच भरवशावर आजार घेऊन आली. माझी चूक तेव्हाची मोठी की आत्ताची? तेव्हा फार भ्यालो म्हणून चुकलो, आता अजिबात भ्यालो नाही म्हणून चुकलो. मग माणसाने भ्यायचं तरी किती?

टोचल्यापासून चौदाव्या दिवशी तिला घरी आणलं. ती भिंत धरून चालायची, दोन घासांत पोट भरायचं. आम्ही दिवस मोजायचो आणि मोजत नसल्याचं दाखवायचो. बॅग भरून कोपऱ्यात उभी होती, तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. बाविसाव्या दिवशी डॉक्टरणीने छाती तपासली, रिपोर्ट बघितले आणि म्हणाली, "जाऊ द्या. चाकाच्या खुर्चीतून न्या, गर्दीत मास्क लावा, औषधं चुकवू नका." अम्माने डॉक्टरणीचे दोन्ही हात आपल्या डोळ्यांना लावले. मी बाहेर जाऊन रडलो, चांगला हुंदके देऊन.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे निघायच्या आदल्या दिवशी सकाळी, मी अम्माला न सांगता बावड्याला गेलो. या वेळी गाडी चाचीच्या दारातच लावली.

चाची ओसरीवर चिंच फोडत बसली होती. मला बघून तिचा हात थांबला. तिला अजून खोकला होता, कोरडा. मी उभ्याउभ्याच बोलायला लागलो. काउंटरवर न अडखळणारा मी, अडखळत होतो. म्हणालो, त्या दिवशी अम्मा निघाली होती, मीच किल्ली काढून घेतली, फोनवर मी खोटं बोललो, अम्मा घाबरली नव्हती.

"मला ठाव हाय," चाची म्हणाली.

"अम्मानं सांगितलं?"

"ती कशाला सांगती? फोनात तुझ्या मागनं तिचा आवाज येत हुता. 'मला जाऊ दे रं' म्हणत हुती. तू इकडं म्हणत हुतास, घाबरतीय."

मला काही कळेना. "मग चाची, राग माझा हुता, तर अबोला अम्माशी का धरला?"

"तुझ्याशी काय अबोला धरायचा? तू लेकरू. तिनं तुला पाठीशी घातलं, त्येचा राग. वाटलं, कवातरी येईल आन् म्हणंल, माझं लेकरू चुकलं. आली, पर परवा बी म्हणली काय, तर मी भ्याले. ती भ्याली व्हय? मला हसू आलं आन् रडू बी आलं. म्हणलं, जाऊ दे. ताप हाय सांगितलं तरी गळ्यात पडली. अजून काय पायजे?" तिने चिंचोके एका बाजूला सारले. "माझ्यामुळं पडली ना आजारी?"

मी म्हणालो, "कुणामुळं ते मला आता खरंच सांगता यायचं न्हाय." आणि ते खरंच होतं. माझ्यामुळे, तिच्यामुळे, अम्माच्या वयामुळे, सात दिवसांमुळे, न वाचलेल्या कागदामुळे. एकावर बोट ठेवावं तर बाकीची सगळी तशीच राहतात.

चाचीने हात धुतले, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि विचारलं, "उद्या जाणार ना ती? मला नेशील का तिच्याकडं, आत्ता? लगीच परत आणून सोड." मग स्वतःच म्हणाली, "खोकला हाय पर मला अजून."

गाडीची किल्ली माझ्या हातात होती. तीच गाडी. मी ओसरीखाली उतरलो आणि डॉक्टरणीला फोन लावला. ती म्हणाली, ताप जाऊन दोन आठवडे झाले असतील तर असा उरलेला खोकला सहसा पसरत नाही, तरी अम्मा नुकत्या उठल्यात, दोघींना मास्क लावा, मोकळ्या हवेत बसवा, जवळ नको, थोडा वेळ. सहसा. पुन्हा सहसा. मी विचारणार होतो की म्हणजे नक्की चालेल ना, पण विचारलं नाही.

दवाखान्यातून आणलेले मास्क गाडीच्या खणात होते, अम्माच्या कार्डाशेजारी. एक चाचीला दिला, एक मी लावला. तिला मागच्या सीटवर बसवलं आणि चारी काचा खाली केल्या.

"आन् तितं गेल्यावर?"

"अंगणात खाट टाकू. तुमी दोन हात लांब बसा. गळ्यात पडायचं न्हाय. अम्मालाही मास्क लावू."

"एवढंच करायचं असतं?"

"व्हय. एवढंच जमतं. बाकी आपल्या हातात न्हाय."

मग मागून, मास्कच्या आडून, तिचा आवाज आला. रागाचा नव्हता. खरंच माहीत नसल्यासारखा होता.

"मंग तवा का न्हाय असं केलंस? तवा बी अंगण हुतंच की."

तेव्हा अंगण होतं. खाट होती, काचा होत्या, तोंडाला बांधायला पदर होता. मी किल्ली न फिरवता तसाच बसलो. आरशात तिचे फक्त डोळे दिसत होते.

"मी भ्यालो हुतो, चाची."

"हां," ती म्हणाली. "चल आता. ऊन वाढायच्या आत पोचू."